अतिशयोक्तीचं उदाहरण

सभेत कुणी चुकीचं मराठी बोललं की नलिनीताई घारपुऱ्यांना ठसका लागत असे. 'मी तुझी मदत केली' असं कुणी म्हटलं तर हलका ठसका. 'चहा पिल्या गेला' म्हटलं तर पाणी मागवावं लागे इतका. स्वतः त्या नागपूरच्या. राग आला की त्यांच्याही तोंडून 'काय करून राहिले तुम्ही?' असं निघून जाई, पण तेव्हा ठसका लागत नसे. स्वतःच्या घशाला स्वतःच्या चुका टोचत नाहीत, ही निसर्गाने केलेली मोठीच सोय आहे.

भोपाळमधल्या आनंद नगरच्या मराठी मंडळाच्या बैठकीत हा ठसका त्यांना भोवला.

मंडळाचा चिटणीस अंबरीश मुंडले शहराबाहेर लांब मंडीदीपच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि जाण्यायेण्याच्या बसमध्ये कवी होता. त्या दिवशी त्याने मोठ्या तलावावरची कविता वाचली. 'हा तलाव म्हणजे भोपाळच्या गळ्यातला तन्मणी,' अशी ओळ होती. वाचून झाल्यावर तो लाजत म्हणाला, "ही उपमा मला अगदी अचानक सुचली."

नलिनीताईंना ठसका लागला. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "रूपक. उपमेत 'सारखा' लागतं. तू 'म्हणजे' म्हणालास. ते रूपक झालं."

"ताई, फरक काय पडतो?" अंबरीश म्हणाला.

"फरक काय पडतो!" नलिनीताई म्हणाल्या. "आपल्या लोकांना साध्या संज्ञा माहीत नाहीत आणि कविता करायला निघाले. मंडळाने काहीतरी करायला हवं."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव मुलमुले मोठ्या कारखान्यातून निवृत्त होताना तिथली एक पद्धत सोबत घेऊन आले होते. तक्रार ज्याने केली, दुरुस्ती त्याच्याच नावावर चढवायची. ह्या पद्धतीने त्यांनी मंडळातल्या तक्रारी जवळजवळ संपवल्या होत्या. मागे एका गृहस्थांनी गणपतीत बटाटेवडे थंड होते असं सांगितलं. ते गृहस्थ अजून वडे तळतात.

"उत्तम!" नीळकंठराव म्हणाले. "दर शनिवारी संध्याकाळी नलिनीताई अलंकारांचा वर्ग घेतील. अंबरीश, लिहून घे."

"अहो, मी कुठे—"

शेजारी बसलेल्या मंजूषाताईंनी कोपराने ढोसलं. "घे गं नलू. तू नाही म्हणालीस तर मराठी भाषा उद्या सकाळी मरेल."

मंजूषाताई पांढरीपांडे म्हणजे भिंतीपलीकडच्या. दोन्ही घरं नागपूरकडची, दोन्ही नवरे एकाच सुमाराला भोपाळला आले, आणि मधली भिंत इतकी पातळ की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात शिंकायची. मंजूषाताईंना कुठलीच गोष्ट तिच्या मापात सांगता येत नसे. त्यांच्या घरी उंदीर आला तर तो मांजराएवढा असे, आणि मांजर आलं तर वनखात्याला वर्दी द्यावी लागे. गेली काही वर्षं त्या एकट्या होत्या. पांढरीपांडे भाऊजी गेल्यापासून त्यांच्या बोलण्यात भाऊजीही वाढत चालले होते.

घरी आल्यावर यजमानांनी, म्हणजे मधुकररावांनी, चष्म्यावरून बघत विचारलं, "तुला येतं का ते?"

"मला? मी मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिली होते."

"ते झालं. पण येतं का?"

तोवर नलिनीताईंनाही तोच प्रश्न पडला होता. नागपूरच्या शाळेतल्या बाई त्यांना स्वच्छ आठवत होत्या. नऊवारी पातळ, हातावर खडूची पांढरी भुकटी, आणि 'उपमेय कोणतं?' असं विचारताना वर जाणारी उजवी भुवई. भुवई आठवत होती, उत्तर आठवत नव्हतं. उदाहरणाच्या सगळ्या ओळी निम्म्यावर येऊन थांबत होत्या. उपमा पक्की होती, रूपक पक्कं होतं, पण त्या दोघांच्या मध्ये उत्प्रेक्षा नावाची एक बाई उभी असते, ती नेमकी कुणाकडची, हे काही केल्या आठवेना.

माळ्यावरच्या पेटीतून एक जुनं व्याकरणाचं पुस्तक निघालं. उत्प्रेक्षेचं पान वाळवीने वाचून संपवलं होतं.

शेवटी मधुकररावांनी फोनवर शोधून व्याख्या वाचली. ते जन्मभर तपासणी विभागात होते. यंत्राचा भाग मापात आहे की नाही हे बघून सही करायची, एवढंच काम. व्याख्या दोनदा वाचून ते म्हणाले, "सोपं आहे. उपमेत दोन भागांमध्ये फट असते आणि ती दिसते. उत्प्रेक्षेत फट असते, पण 'जणू नाहीच' म्हणायचं. रूपकात वेल्डिंग."

नलिनीताई म्हणाल्या, "काव्यात वेल्डिंग नसतं." आणि आत जाऊन त्यांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

आता जागा. रहिवासी समितीचं सामुदायिक भवन शनिवारी रिकामं असे. तिथले व्यवस्थापक म्हणजे खरे. टेबलावरची 'के. पी. खरे' ही पाटी वाचून नलिनीताईंना भरून आलं. परमुलखात आपला माणूस भेटला की कुणालाही येतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मराठीत सुरुवात केली. भाषेची आजची अवस्था, अलंकारांचं महत्त्व, मन आणि वाणी यांचा संबंध, नव्या पिढीची जबाबदारी. खरे हात जोडून ऐकत होते. मधूनमधून डोळे मिटत होते. इतका रसिक मराठी माणूस आनंद नगरात आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, ह्याचं नलिनीताईंना वाईट वाटलं.

त्या थांबल्या तेव्हा खरे म्हणाले, "माताजी, हम तो सागर के कायस्थ हैं. मराठी एक अक्षर नहीं आती. पर आपकी वाणी में जो शांति है ना..."

नलिनीताईंची वाणी तिथेच शांत झाली. मग त्यांनी हिंदीत सगळं पुन्हा सांगितलं, पण खऱ्यांचं मत पहिल्या ऐकण्यातच बनलं होतं. समितीच्या नियमांत भवन मिळायला लग्न, वाढदिवस, तेरवी किंवा प्रवचन यांपैकी काहीतरी लागत होतं. वर्ग नावाचं काही नव्हतं. "प्रवचन लिख देते हैं," खरे म्हणाले, "अपन को क्या फर्क पड़ता है. बस, धार्मिक में दो बातें हैं. हर बार प्रसाद, और आखिरी दिन समापन."

शनिवारी नलिनीताई भवनात पोचल्या तर दारावर फळा होता. 'नलिनी माताजी का प्रवचन. सभी सादर आमंत्रित.' चौकीदाराने व्यासपीठावर गादी घालून शेजारी समई ठेवली होती. मंडळाची माणसं मागे खुर्च्यांवर होती, आणि पुढे सतरंजीवर आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बायका झेंडूची फुलं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पुढारी शुक्ला भाभी. त्यांनी येऊन वाकून नमस्कार केला. नलिनीताईंनी 'अहो, हे काय' म्हणून पाय मागे घेतले, त्याने तर त्यांची योग्यता आणखीच वाढली.

आता आलेल्या माणसांना उठवायचं कसं? नलिनीताई अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलायला लागल्या. "मुख कमळासारखं आहे, ही उपमा. मुख जणू कमळच, ही उत्प्रेक्षा. मुखकमळ, हे रूपक. मैं समझाती हूँ. पहले में दोनों के बीच फट है—"

"मतलब आत्मा और परमात्मा," शुक्ला भाभी म्हणाल्या.

"नाही, म्हणजे, मुख आणि कमळ. रूपकात ते एक होतात. वेल्डिंग."

"अहाहा!" शुक्ला भाभींनी डोळे मिटले.

मागच्या खुर्चीवर मधुकरराव बसले होते. वेल्डिंगच्या वेळी त्यांनी घसा जरा जास्तच साफ केला, हे नलिनीताईंना दिसलं.

पुढे अपन्हुती आली. तिच्यात जे दिसतं ते नाकारायचं असतं. हे मुख नव्हेच, हा चंद्र आहे. "याने जो सामने है, वो है ही नहीं," एवढं नलिनीताई म्हणाल्या आणि पुढची सगळी रांग हात जोडून म्हणाली, "सब माया है, माताजी." नंतर केळी वाटली गेली.

एवढं होऊनही वर्ग चालला नसता. चंद्र आणि कमळ ऐकून मंडळाची माणसं दुसऱ्याच शनिवारी जांभया द्यायला लागली. अंबरीश तर म्हणाला, "ताई, चंद्रावर खड्डे आहेत हो. आणि कमळ ह्यातल्या निम्म्या लोकांनी फक्त निवडणुकीत बघितलंय." नलिनीताईंना ते फारच लागलं. तिथल्या तिथे त्यांनी पद्धत बदलली. इकडेतिकडे बघितलं, तर खिडकीबाहेर नीळकंठरावांची जुनी स्कूटर उभी होती.

"मुलमुल्यांची स्कूटर म्हशीसारखी आहे," त्या म्हणाल्या. "काय?"

"उपमा!"

"सुरू होताना ऐका. जणू म्हैसच रेकते."

"उत्प्रेक्षा!"

"मुलमुल्यांची स्कूटर म्हणजे म्हैस."

"रूपक! वेल्डिंग!"

"ही स्कूटर नव्हेच, ही म्हैस आहे." पुढची रांग 'माया है' म्हणायच्या आत त्या घाईने पुढे म्हणाल्या, "आणि व्यतिरेक म्हणजे काय, तर उपमेय उपमानाच्या वरचढ. म्हैस निदान चिखल बघून बसते. ही कुठेही बसते."

भवन दणाणलं. नीळकंठरावसुद्धा हसले. आपल्या स्कूटरने एका संध्याकाळी पाच अलंकार ओढले, ह्याचा त्यांना अभिमानच वाटला. तिथून वर्गाला रंग चढला. अंबरीश सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करून मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला लागला. पार अशोका गार्डन वस्तीतली माणसं रिक्षा करून यायला लागली. नलिनीताईंनी शनिवारसाठी दोन साड्या वेगळ्या काढून इस्त्री करून ठेवल्या. मॅट्रिकनंतर त्यांना पहिल्यांदाच पहिलं आल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटलं की माणूस पुढचं बघत नाही.

अतिशयोक्तीच्या शनिवारी मंजूषाताई आल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत होते.

"अतिशयोक्तीला उदाहरण कशाला शोधायचं?" नलिनीताई म्हणाल्या. "ते माझ्या भिंतीपलीकडे राहतं." इथे पहिला हशा पिकला. हशा पिकला की नलिनीताईंना आताशा थांबवत नसे. "मंजूषाताई काय म्हणतात? आमच्या ह्यांनी फाटकातून हाक मारली की मंडीदीपपर्यंत ऐकू जायची. आता फाटक आनंद नगरात, मंडीदीप कुठे! मग अंबरीश, तू तिथेच असतोस, तू ऐकलीस का रे?"

"नाही ताई, तेव्हा माझा मोबाइल बंद असेल," अंबरीश म्हणाला, आणि हशा इतका झाला की चौकीदार प्रसाद घेऊन लवकर आत आला.

ध्वनिमुद्रण गटावर गेलं. मंजूषाताई गटावर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीताई भिंतीवरून म्हणाल्या, "मंजू, गुडघे कसे आहेत?" पलीकडे मंजूषाताई तुळशीला पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आहेत." मंजूषाताईंनी एका शब्दात उत्तर दिलं, तेव्हाच नलिनीताई काय ते समजल्या.

"अगं, कालचं तू मनावर घेतलंस का? अतिशयोक्ती हा काही दोष नाही. अलंकार आहे तो!"

"अलंकार आहे ना? मग तूच घाल."

"तसं नव्हे. वस्तूचं वर्णन वाजवीपेक्षा फुगवून केलं की—"

"नलू," मंजूषाताई म्हणाल्या, "लोक हसले त्याचं मला काही नाही. त्यांनी ह्यांना पाहिलंच नव्हतं. पण तू ती हाक ऐकली आहेस. रोज ऐकली आहेस. आणि टाळी घ्यायला तुला तीच सापडली?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं. त्या आत गेल्या.

शहाण्या माणसाने इथे गप्प बसून संध्याकाळी माफी मागितली असती. नलिनीताईंनी व्हॉट्सॲपवर अतिशयोक्तीची व्याख्या पाठवली, खाली आणखी दोन नमुने दिले, आणि 'थोरामोठ्यांनीही हा अलंकार वापरला आहे, तेव्हा गैरसमज नसावा' असा शेवट केला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

"माफी माग," मधुकरराव म्हणाले.

"माफी चुकीची मागतात. माझी व्याख्या कुठे चुकली?"

"व्याख्येत फट नाही. तुझ्यात आहे."

नलिनीताईंनी मग साबुदाण्याची खिचडी करून पाठवली. पातेलं तासाभरात परत आलं. घासलेलं, पुसलेलं आणि रिकामं. दोन्ही घरांमधून आजवर हजारदा भांडी गेली-आली असतील. त्यांत निदान चार लिंबं, मूठभर कढीपत्ता, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. नागपुरी घरातून भांडं रिकामं परत येणं म्हणजे काय, हे पुस्तकात नसलं तरी सांगावं लागत नाही. नलिनीताई बराच वेळ त्या पातेल्यात बघत राहिल्या. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो कमळासारखा वगैरे मुळीच नव्हता.

त्यातच बाकीच्यांचं सुरू झालं. लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की माताजी ज्याला जे म्हणतात ते तो कायमचा होतो. एक गृहस्थ सकाळी येऊन म्हणाले, मला भ्रांतिमान, म्हणजे एकाला दुसरंच समजणारा, केलंत, आता सोसायटीत हिशेब माझ्याकडे देत नाहीत, मला दुसरा कुठला तरी अलंकार द्या. एक बाई रुसल्या, कारण त्यांना अजून कशातच घेतलं नव्हतं. शुक्ला भाभींच्या सुनेने निरोप पाठवला की सासूबाई मी केलेली भाजी बघून 'ये भाजी है ही नहीं' म्हणतात, तेवढं पुढच्या प्रवचनात सांभाळून घ्या. आणि नीळकंठराव स्वतः दारात उभे राहिले. त्यांची स्कूटर एकाने घ्यायची ठरवली होती. तो अशोका गार्डनचा निघाला. 'कुठेही बसते' हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"वर्ग बंद करू या," नीळकंठराव म्हणाले. "मी तक्रार करत नाही हां. नुसतं सुचवतो." स्वतःच्या पद्धतीचा त्यांनाच धाक होता.

नलिनीताई लगेच हो म्हणाल्या. भिंतीपलीकडून कुणी बोलत नसताना भाषेची सेवा करण्यात त्यांना गोडी उरली नव्हती. पण खऱ्यांच्या नियमाप्रमाणे प्रवचन असं मध्येच सोडता येत नव्हतं. समापन करावं लागणार होतं. आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे समापन म्हटलं की आभार. मंडळात आभार एकच व्यक्ती मानत असे, मंजूषाताई पांढरीपांडे. माइकवाल्यापासून सतरंजी झटकणाऱ्यापर्यंत एकही नाव न विसरता, हातात कागद न घेता. हा त्यांचा मान होता. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांचेही आभार त्या मानत. मंडळात अशी माणसं कधीच कमी नव्हती.

"त्या येतील का?" नलिनीताईंनी अंबरीशला विचारलं. तो आपल्या फोनकडे बघत म्हणाला, "हो म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या."

समापनाच्या शनिवारी भवन भरून गेलं. नलिनीताईंनी शेवटचा अलंकार घेतला, व्याजस्तुती. वरवर स्तुती आणि आत निंदा, किंवा वरवर निंदा आणि आत स्तुती. जिवंत माणसाचं एकही उदाहरण द्यायचं नाही असं ठरवून त्यांनी कुठल्याशा राजाचं दिलं. राजा मेलेला होता, उदाहरणही. लोक शिऱ्याच्या वासाकडे बघायला लागले.

मग मंजूषाताई काठी टेकत व्यासपीठावर आल्या. त्यांनी माइकवाल्याचे आभार मानले. खऱ्यांचे, चौकीदाराचे, केळीवाल्याचे मानले. नीळकंठरावांच्या स्कूटरचेही मानले. मग थांबल्या.

"आता नलिनीताई," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासारखी शेजारीण शोधून सापडायची नाही. मी शोधली. सापडली नाही, म्हणून इथेच राहिले."

खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. नलिनीताई गादीवर ताठ बसल्या.

"त्या कुणाचं मन कधी दुखवत नाहीत. चुकून दुखवलंच, तर त्या दुखण्याचं नाव, व्याख्या आणि आणखी दोन उदाहरणं घरपोच पाठवतात."

"व्याजस्तुती!" अंबरीशच्या तोंडून निघून गेलं. टाळ्या पडल्या. नलिनीताईंचे कान तापले. वर्ग इतका तयार झालेला पाहून आनंद व्हावा की जमिनीत जावं, हे त्यांना कळेना. शिवाय हा ससंदेह अलंकार, हेही त्याच वेळी त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

"मी इतकी वर्षं नुसती बोलत होते," मंजूषाताई पुढे म्हणाल्या. "त्याला अतिशयोक्ती म्हणतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. मोठे उपकार झाले. आता आमच्या ह्यांची हाक. ती मंडीदीपला जायची नाही हे मलाही माहीत आहे हो. कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानातसुद्धा जायची नाही. बारीकच आवाज होता त्यांचा. पण माणूस गेल्यावर त्याची हाक लांब लांब जायला लागते. दर वर्षी थोडी पुढे जाते. मी नाही ढकलत तिला. ह्याला काय म्हणतात ते मला येत नाही. ते बाईंनी सांगावं. एवढं बोलून सगळ्यांचे आभार मानते आणि शिरा गरम आहे तोवर आपली रजा घेते."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी व्यासपीठावरच्या गादीकडे बघितलं. नलिनीताईंनी उपमेपासून सगळे अलंकार मनातल्या मनात घाईघाईने चाळले. त्या उठल्या, माइकपर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, "मला येत नाही."

आयुष्यात हे वाक्य त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारलं. पुढचं त्यांनी तोंड बाजूला करून म्हटलं, पण माइक चालू होता. "मंजू, माझं चुकलं गं. व्याख्या बरोबर होती, मी चुकले."

"मराठी कम समझी," शुक्ला भाभी मंजूषाताईंकडे बघून डोळे पुसत म्हणाल्या, "पर इन माताजी में ज़्यादा रस है." खऱ्यांनाही ते पटलं. पुढच्या महिन्यापासून शनिवार ह्यांनाच देऊ, असं त्यांनी नीळकंठरावांना जागच्या जागी सांगून टाकलं. नलिनीताईंना ते ऐकू आलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं लागलंही.

परत जाताना दोघी सोबत निघाल्या. ठरवून नव्हे, घरं शेजारी होती आणि रस्ता एकच होता. मधुकरराव शिऱ्याचा डबा घेऊन मागून येत होते. काठीच्या चालीने नलिनीताईंनीही पावलं आखडती घेतली होती.

"मंजू," नलिनीताई शेवटी म्हणाल्या, "भाऊजींच्या हाकेचं तू सांगतेस ते चूकच आहे पण."

मंजूषाताई थांबल्या. काठी रस्त्यात रोवून उभ्या राहिल्या.

"मंडीदीप नव्हे," नलिनीताई म्हणाल्या. "त्याच्याही पुढे ओबेदुल्लागंजपर्यंत जायची. आमचे हे एकदा कामाला तिथे गेले होते, त्यांनी ऐकली. विचार त्यांना. अहो, ऐकली होती ना?"

मधुकररावांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत स्वतः माप घेतल्याशिवाय कशावरही सही केली नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग मंजूषाताईंकडे बघितलं. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"स्पष्ट ऐकली," ते म्हणाले. "संध्याकाळची वेळ होती. 'मंजू, दार उघड' असं म्हणाले."

मंजूषाताईंनी पदराने नाक पुसलं. थोडा वेळ त्या मंडीदीपच्या दिशेला बघत राहिल्या.

"बघ म्हणजे!" त्या म्हणाल्या. "मी मेली इतकी वर्षं कमीच सांगत होते."